डबा उघडायच्या आधी आकडा वाचा

कॅबिनेटचा पहिला स्क्रू सैल झाला की घरातलं कोणीतरी खुर्ची ओढून माझ्या पाठीशी येऊन बसायचं. कधी आजोबा, कधी घरधनी, कधी शेजारच्या घरातून मुद्दाम बोलावून आणलेला, कंप्युटरातलं थोडंफार कळणारा कोणी. ती नजर मला मानेवर जाणवायची. भंडारा शहरात आणि आजूबाजूच्या गावांत घरोघरी जाऊन मी कंप्युटर दुरुस्त केले. त्यात जास्तीची रॅम बसवण्याचं काम सर्वांत जास्त, आणि त्या कामात हातांपेक्षा मान जास्त अवघडायची.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या गमती लिहा. गमती पुष्कळ झाल्या, नाही असं नाही. पण आठवू लागले तर जवळजवळ प्रत्येक गमतीच्या बुडाशी संशय निघाला. लोकांचा माझ्यावर, माझा लोकांवर आणि आम्हा सगळ्यांचा मिळून कंप्युटरच्या त्या डब्यावर.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरची ती वर्षं. पोरांच्या शिक्षणासाठी घराघरांत कंप्युटर येऊ लागला होता. आला की त्याला हार घालत, कुंकू लावत आणि मग त्याच्यावर भरतकामाचं कापड टाकून तो झाकून ठेवत. वर्षभर बरा चालायचा. मग पोरं नवनवे प्रोग्राम टाकत, मामेभाऊ गेम टाकून जाई आणि मशीन बसलेल्या बैलासारखी जागची हलेना. मग मला बोलावणं यायचं. मी पाहायची आणि सांगायची, रॅम कमी पडते, वाढवावी लागेल. इथून पुढे सगळ्यांची तोंडं बदलायची.

ज्यांनी कधी डबा उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कंप्युटरात माल साठवायची जागा वेगळी आणि काम करायची जागा वेगळी. घरात धानाची कोठी असते, तशी ती साठवायची जागा. पण पाखडायचं असलं की कोठी कोणी उचलत नाही, थोडं थोडं सुपात घेतो. रॅम म्हणजे ते सूप. सूप मोठं असलं की एका वेळी जास्त घेता येतं, लहान असलं की सारख्या फेऱ्या घालाव्या लागतात. वीज गेली की सूप रिकामं होतं, कोठीतलं कोठीत राहतं. आमच्याकडे वीज किती जायची ते सांगायला नको.

ही रॅम म्हणजे बोटाएवढ्या रुंदीची हिरवी पट्टी. तिच्यावर काळे चौकोन आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग. ती खाचेत बसवायची, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्‌ करून लागल्या की झालं. काम चहा निवायच्या आत संपतं, आणि संशय तिथूनच सुरू होतो. पंखा दुरुस्त केला तर तो फिरताना दिसतो. इथे एवढीशी पट्टी घातली, डबा बंद केला, आणि बाई म्हणतात झालं. लोकांनी कशावर विश्वास ठेवायचा?

शिवाय संशयाला आधारही होता. दुरुस्तीच्या नावाखाली मोठी रॅम काढून लहान बसवणारे कारागीर तेव्हा होते. नागपूरच्या बाजारात लहान पट्टीवर मोठ्या आकड्याचं स्टिकर लावून विकणारेही होते. मी स्वतः एकदा अशी पट्टी घेऊन आले. तेव्हापासून दुकानदाराच्या काउंटरवर मशीन लावून, आकडा डोळ्यांनी पाहून मगच पट्टी पिशवीत टाकायची. तोंड पोळलेल्याने ताक फुंकून प्यायचं असतं. दुकानदार चिडायचे, म्हणायचे, बाई, भरोसा नाही का? मी म्हणायची, नाही.

बाईमाणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात उभं पाहून लोकांना आधी वाटायचं, ही पावती द्यायला आली असेल, कारागीर मागून येत असेल. आत गेल्यावर नाव विचारत, मग आडनाव. मेश्राम म्हटलं की काही घरांत चहाचा कप बदलायचा. काचेचा ग्लास यायचा, तोही वेगळा ठेवलेला. मी चहा न पिता काम करायची आणि पैसे मात्र आधी घ्यायची. राग यायचा. आजही लिहिताना येतो.

मग मी माझी एक रीत बसवली. पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवायची. खाली चादर पसरायची, ती घरमालकाची. मशीन उघडण्याआधी सुरू करायची. तेव्हाच्या मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर स्वतःची रॅम मोजत, पांढरे आकडे भराभर वर चढत आणि एका जागी थांबत. तो थांबलेला आकडा घरातल्या सगळ्यांनी मोठ्याने वाचायचा. मग डबा उघडायचा, पट्टी लावायची, डबा बंद करायचा, पुन्हा सुरू करायचं, पुन्हा सगळ्यांनी वाचायचं. शेवटी चादर त्यांनीच झटकायची. आरतीला जमावं तशी माणसं जमायची. दुसरे कारागीर मला हसत, पण मला चोर म्हणण्याची सोय मी कुणाला ठेवली नव्हती. निदान मला तसं वाटायचं.

करडी गावच्या एका शेतकऱ्याने या रीतीतूनही मला पकडलं. मुलासाठी रॅम घेतली होती दोनशे छप्पन एमबीची. काळ्या पडद्यावर तेवढीच वाचली होती, पण दोन दिवसांनी मुलाने विंडोजमध्ये पाहिलं तर मशीन सांगे, दोनशे अठ्ठेचाळीस. हा गृहस्थ मोटरसायकलवर भंडाऱ्याला माझ्या दुकानात आला आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, आठ कुठं गेले? मी समजावलं, की तुमच्या मशीनला पडद्यावर चित्र दाखवायला वेगळं कार्ड नाही, म्हणून ते काम करणारा भाग रॅममधला थोडा वाटा स्वतःसाठी ठेवून घेतो. त्याने डोळे बारीक केले.

"म्हंजे चक्कीवाला दळणातलं पीठ ठेवून घेते, तसं?"

मी म्हटलं, हो, अगदी तसंच.

"मंग त्याले चोरच म्हंतेत आमच्या गावात," असं म्हणून तो निघून गेला. माझ्यावरचा संशय त्याने काढून घेतला होता, पण मशीनवर ठेवला. पुढे कधी काही बिघडलं की तो निरोप पाठवी, त्या चोराला पाहून जा.

आता वरठीची गोष्ट सांगते. ही सांगावी की नाही याचा पुष्कळ विचार केला. ज्यांची आहे त्यांची नावं बदलली आहेत.

वरठीला रेल्वे स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत बापू सेलोकर राहायचे. पोलाद कारखान्यात त्यांनी जन्म काढला होता, तोही अवजारांच्या कोठारात. पाने, हातोडे, करवती कामगारांना द्यायच्या आणि संध्याकाळी परत मोजून घ्यायच्या. अशा कोठारात प्रत्येक वस्तूवर रंगाचा ठिपका देतात, म्हणजे कोणी बदलून दुसरी आणून ठेवली तर कळतं. बापूंचं म्हणणं, ठिपका समोर द्यायचा नाही. बुडाला द्यायचा, जिथं चोर पाहत नाही. निवृत्त झाल्यावर ही रीत त्यांनी घरात आणली. त्यांच्या घरात खाली बसलं की लाल ठिपके दिसत: खुर्चीच्या बुडाला, बादलीच्या कडीखाली, सायकलच्या सीटखाली, पाटाच्या पाठीला. घरातली माणसंच तेवढी ठिपक्यावाचून होती.

मुलगा दिलीप त्याच कारखान्यात, पाळीवर जाणारा. सून वनिता, माहेर लाखांदूरकडचं दिघोरी. वनिताला टायपिंग येत होतं, अक्षराची आणि रंगाची समज होती. भंडाऱ्याच्या एका छापखान्यासाठी ती घरी बसून लग्नपत्रिका करून द्यायची. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांचा हंगाम सुरू होतो, त्याच्या आधी मशीन तयार हवी होती. तिच्या मशीनमध्ये रॅम एकशे अठ्ठावीस, आणि गणपतीचं चित्र टाकलं की पडदा गोठायचा. तिने स्वतःच्या कमाईतून दोनशे छप्पनची पट्टी घ्यायचं ठरवलं. दसऱ्याच्या आधी मी जाऊन बसवून दिली. बापू खुर्ची ओढून बसले होतेच. काळ्या पडद्यावर आकडा चढला, थांबला, सगळ्यांनी वाचला: तीनशे चौऱ्याऐंशी. चित्राचं कार्ड वेगळं होतं, त्यामुळे चक्कीवाल्याचाही वाटा नाही. वनिताने चादर झटकली. मला वाटलं, या घरचं काम निकालात निघालं.

दिवाळीच्या तोंडावर एका गिऱ्हाइकाने ठरलेलं काम अचानक नको म्हटलं. मग दुसऱ्याने. दुसरा वरठीचाच होता. त्याला खोदून विचारल्यावर म्हणाला, स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर बापू सेलोकर सांगून राहिले, की त्यांच्या कंप्युटरातली रॅम गेली. मेश्राम बाई आणि सेलोकरांच्या सुनेचा भाऊ, दोघं मिळालेले आहेत. माझं डोकं फिरलं. मी त्याच क्षणी वरठीला निघणार होते, तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. वनिता एसटीडी बूथवरून बोलत होती.

तिने सांगितलं ते असं. दसऱ्याला तिचा भाऊ प्रकाश सोनं द्यायला आला होता. तो लाखांदूरला कंप्युटरच्या दुकानात कामाला. बहिणीच्या मशीनवर बसून त्याने तिला नवे मराठी फाँट टाकून दिले, जेवला आणि गेला. दुसऱ्या दिवशी ती पत्रिकेच्या कामाला बसली, तर मशीन पूर्वीसारखी गोठू लागली. दिलीपने बंद करून सुरू केली, तर आकडा एकशे अठ्ठावीसवर थांबला. बापूंनी त्याच दिवशी डब्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली, पट्टीवर सही केली, आणि दिघोरीला फोन करून प्रकाशच्या आईला सांगितलं, की पोराला भाऊबीजेला पाठवू नका.

"बाई, मले तो एकच भाऊ आहे," वनिता म्हणाली. "बाबा गेल्यापासून तोच येते. तुमी येऊन तो डबा उघडा. त्यानं घेतली असन तं मीच त्याले येऊ देनार नाही. पन पाहा तरी."

भाऊबीज अगदी तोंडावर होती. मी म्हटलं, येते.

वाटेत माझ्या मनात काय चाललं होतं तेही सांगते, नाहीतर मी फार मोठ्या मनाची ठरेन. मलाही प्रकाशचाच संशय होता. दुकानात काम करणारा पोरगा, खिशात स्क्रूड्रायव्हर, हातात मशीन. हे मी अनेकदा पाहिलं होतं. मग वाटलं, दिलीपने विकली असेल, पाळीवरच्या मित्राला. मग वाटलं, वनिताने स्वतःच भावाला दिली असेल आणि आता अंगाशी आलं. नाकाडोंगरीच्या रस्त्यावरच्या वळणांसारखे एकामागून एक विचार. शेवटी तर वाटलं, मीच आणलेली पट्टी मेली असेल आणि नागपूरच्या त्या दुकानदाराने मला दुसऱ्यांदा गंडवलं. एकाही माणसाला मी सोडलं नाही. फक्त बापूंचा विचार केला नाही, कारण ते फिर्यादी होते.

मी पोचले तेव्हा दुपार होती. अंगणात रांगोळी अर्धी काढलेली. बापू, त्यांची बायको सीताबाई, दिलीप आणि वनिता, चौघंही घरात होते. बापूंनी मला आत या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. मी पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि चादर मागितली. वनिताने आणून दिली.

आधी मशीन सुरू केली. आकडे चढले आणि एकशे अठ्ठावीसवर थांबले. या वेळी कोणी मोठ्याने वाचलं नाही. मग बापूंनी आपली सही पाहून घेतली, चिकटपट्टी स्वतःच्या नखाने काढली आणि मला डबा उघडू दिला. खुर्ची त्यांनी इतकी जवळ आणली होती की त्यांचा गुडघा माझ्या खांद्याला लागत होता.

डबा उघडला आणि पट्टी जागेवर होती.

दोन खाचांत दोन पट्ट्या. चोरीला काही गेलंच नव्हतं. मी हे म्हटलं, तेव्हा वनिताने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. पण बापू असे हटणारे नव्हते.

"जागेवर आहे, पन तीच आहे का?" ते म्हणाले. "चांगली काढून मेलेली लावली असन तं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. मी खिट्ट्या उघडल्या, पट्टी काढली आणि त्यांच्याकडे दिली. बापूंनी ती उलटी केली, खालची कड डोळ्यांजवळ नेली, आणि पाहतच राहिले. मग परत माझ्या हातात ठेवली. गुडघाही मागे गेला.

इतकी वर्षं माणसांच्या नजरा पाठीवर घेऊन काम केलं, तेव्हा नजर हटली की लगेच कळतं. मी विचारलं, काय पाहिलं बापू? ते म्हणाले, काई नाही. मी पट्टी घेऊन दाराशी उजेडात गेले. सोनेरी दातांच्या रांगेत, एका कोपऱ्याला, चार-पाच दात लाल होते. ऑइलपेंट असता तर जाड आणि ओघळलेला दिसला असता. हे पातळ, चकचकीत आणि नीट बसलेलं होतं. पुरुष कारागिराने काय ओळखलं असतं ठाऊक नाही, मी बोट लावताच ओळखलं. नेलपॉलिश.

हे दात म्हणजे पट्टीने मशीनशी बोलायची तोंडं. त्यांच्यावर रंगाचा थर बसला की पट्टी जागेवर असून नसल्यासारखी. मशीन तिला मोजतच नाही. हे मी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, पट्टी फिरवून दाखवली आणि विचारलं, की हा रंग कोणी लावला? मी दिलीपकडे पाहिलं, तो खरोखर गोंधळलेला होता. वनिता माझ्या हातातल्या लाल ठिपक्याकडे पाहत होती, आणि मग तिची नजर हळूहळू पाटाकडे गेली. पाट भिंतीला उलटा टेकवून ठेवला होता, भाऊबीजेसाठी धुऊन वाळत घातलेला. त्याच्या पाठीवर बापूंचा लाल ठिपका होता.

मला सगळं कळलं होतं, आणि तिलाही. मी बोलून टाकू शकले असते. मला राग इतका आला होता की बोलणारच होते, टपरीवरच्या बोलण्यासकट सगळं. पण तो रंग आधी काढायला हवा होता. वाळलेली नेलपॉलिश काढायला दुसरं काही नसलं, तर तीच नेलपॉलिश वरून ओली लावायची आणि दोन्ही थर ओले असतानाच कापसाने पुसून घ्यायचे. बायकांना हे ठाऊक असतं. म्हणून मी वनिताला म्हटलं, बाटली आण.

"माही लग्नातली होती," ती म्हणाली. "दसऱ्यापासून सापडूनच नाही राहिली."

तेव्हा बापू उठले. आतल्या खोलीत गेले. त्यांच्या अवजारांच्या लोखंडी पेटीची कडी वाजली, ती आम्हा सगळ्यांना ऐकू आली. परत आले तेव्हा तळहातावर ती इवलीशी लाल बाटली होती. त्यांनी ती माझ्या पुढ्यात चादरीवर ठेवली आणि खुर्चीवर न बसता उभे राहिले.

"रंगाचा कुंचला जाड होता," ते म्हणाले. कोणाकडे पाहून नाही, असंच. "प्रकाश येनार होता. कंप्युटरच्या दुकानात राहते पोरगा. मनलं, आपली निशानी असावी."

म्हणजे प्रकाश यायच्या आधीच बापू त्याच्यासाठी तयार होते. मी डबा कसा उघडते ते त्यांनी पाहून ठेवलं होतं. त्यांनी पट्टी काढली, चोर पाहणार नाही अशा जागी ठिपका दिला, पट्टी पुन्हा तशीच बसवली आणि मशीन सुरू करून पाहिली नाही. कशाला पाहतील? कोठारात ठिपका दिलेला हातोडा काही ठिपक्यामुळे मोडत नाही. चोरी पकडायला म्हणून त्यांनी जे केलं, त्यानेच रॅम गेली. साप म्हणून भुई धोपटली आणि मार दिघोरीच्या पोराला बसला.

मी काम केलं. ओला थर लावला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. मग पांढऱ्या खोडरबराने ते दात हलक्या हाताने घासले, लख्ख होईस्तोवर. पट्टी बसवली, खिट्ट्या लागल्या. मशीन सुरू केली. आकडे चढले, एकशे अठ्ठावीस ओलांडून गेले, आणि तीनशे चौऱ्याऐंशीवर थांबले. मी म्हटलं, बापू, वाचा. त्यांनी वाचला. आवाज खाली होता, पण वाचला.

वनिता रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, आणि रडली असती तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं. ती नुसती पडद्याकडे पाहत उभी राहिली. सीताबाई तोवर कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. मी त्या घरी दोनदा गेले होते आणि त्यांचा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी वाती बाजूला ठेवल्या.

"फोन तुमीच केल्ता ना दिघोरीले?" त्या बापूंना म्हणाल्या. "आता फोन नोका करू. तुमीच जा."

दिलीप म्हणाला, मी मोटरसायकलने जाऊन घेऊन येतो. सीताबाईंनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. मी चादर आवरायला घेतली तर वनिताने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि न झटकता घडी केली. मी बाहेर पडले. बापू दारापर्यंत आले. माफीबिफी काही मागितली नाही. म्हणाले, टपरीवर मी सांगून देईन. त्यांनी ते सांगितलं असावं, कारण दिवाळीनंतर गेलेली दोन्ही कामं परत आली. पण काय शब्दांत सांगितलं असेल याची मला आजही शंका आहे.

मनात मात्र एकच होतं, म्हातारा दिघोरीला जाईल का? वरठी ते दिघोरी म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसरं टोक, दोन एसट्या बदलायच्या, आणि पोचल्यावर सुनेच्या विधवा आईसमोर उभं राहायचं. मी माझ्याशी पैज लावली होती की जाणार नाही, काहीतरी दुखल्याचं निमित्त काढेल.

दिवाळी सरल्यावर वनिता दुकानात आली, अनारसे घेऊन. मी आधी तिला बसवलं, चहा मागवला आणि मग विचारलं. ती म्हणाली, गेले. भाऊबीजेच्या सकाळी पहिल्या गाडीने गेले. तिथे काय बोलले ते ना बापूंनी सांगितलं, ना प्रकाशने. संध्याकाळी दोघं सोबतच आले. प्रकाश पाटावर बसला, तिने ओवाळलं, त्याने ओवाळणीत साडी घातली. जेवताना बापूंनी त्याला आग्रहाने दुसऱ्यांदा भात वाढायला लावला. मी म्हटलं, मग झालं की चांगलं. मी पैज हरले होते आणि हरल्याचा मला आनंद होता.

वनिताने कप खाली ठेवला. म्हणाली, दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. आम्ही सगळे अंगणात उभे होतो. चपला घालायच्या आधी त्याने पिशवी खाली ठेवली, चेन उघडली, आतले कपडे एकेक करून काढले आणि पायरीवर ठेवले. मग पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढले, शर्टाचाही उलटा केला. रागात नव्हता बाई, ती म्हणाली, अगदी शांत होता. बापू म्हणाले, असू दे ना बाबू. तो म्हणाला, नाही बापू, एकदा पाहून घ्या, मंग मी जातो.

मी विचारलं, मग बापूंनी काय केलं?

"पाह्यलं ना, बाई," वनिता म्हणाली. "वाकून पाह्यलं."